नेक्सकार१९

नेक्सकार१९ (औषधाचे जातिनाम टॅलिकॅबटॅजीन ऑटोल्यूसेल) ही भारतात विकसित झालेली आणि विक्रीस परवानगी मिळालेली पहिली कार-टी पेशी उपचारपद्धती होय. बी-पेशींपासून उद्भवणारा लिम्फोमा आणि बी-पेशींचा तीव्र लसीकापेशीय रक्तकर्करोग हे आजार उलटले असतील, किंवा नेहमीच्या औषधांना दाद देत नसतील, तर या पद्धतीचा वापर केला जातो. भारतीय तंत्रज्ञान संस्था (आयआयटी) मुंबई, टाटा स्मारक केंद्र आणि आयआयटीतूनच निघालेली इम्युनोअ‍ॅक्ट ही कंपनी यांनी मिळून ती तयार केली. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मान्यता दिली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आयआयटी मुंबईत तिचे लोकार्पण झाले. मान्यतेचा आधार असलेल्या पहिल्या व दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये 'द लॅन्सेट हिमॅटॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

आजार आणि त्याचे उलटणे

लिम्फोमा म्हणजे लसीका संस्थेचा कर्करोग. मराठी विश्वकोशीय परिभाषेत त्यास लसीकार्बुद म्हणतात. रुग्णालयांत आणि बोलण्यात मात्र लिम्फोमा हाच शब्द रूढ आहे. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते. ती लसीका ग्रंथीच सुजलेली असते, दुखते आणि जखमेबरोबर ओसरते. लिम्फोमाची गाठ बहुधा दुखत नाही आणि ओसरतही नाही. मान, काख, जांघ किंवा पोटाच्या आत ती वाढत राहते. सोबत ताप, रात्री दरदरून घाम आणि वजनात घट ही लक्षणे असू शकतात. क्षयरोगाच्या गंडमाळेची लक्षणेही जवळजवळ हीच असल्यामुळे भारतात या दोहोंची गल्लत होते. कर्करोग असूनही काही महिने क्षयाच्या गोळ्या चालू राहणे ही त्यामुळेच घडणारी गोष्ट होय. गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याखेरीज निदान पक्के होत नाही. आजार उलटल्याची शंका आल्यावरही हा तुकडा पुन्हा तपासणे इष्ट असते, कारण दुसऱ्या वेळची गाठ पहिल्याच आजाराची असेल असे गृहीत धरता येत नाही.

लिम्फोमाचे हॉजकिन आणि बिगर-हॉजकिन असे दोन मोठे वर्ग पडतात. थॉमस हॉजकिन या इंग्रज वैद्याने १८३२ मध्ये पहिल्या वर्गाचे वर्णन केले. दुसऱ्या वर्गात अनेक प्रकार मोडतात. त्यांपैकी मोठ्या बी-पेशींचा विसरित लिम्फोमा हा सर्वांत जास्त आढळणारा आणि वेगाने वाढणारा प्रकार आहे. तीन रासायनिक औषधे व एक संप्रेरक यांचा 'चॉप' हा संच आणि त्यास जोडलेले रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंड हा त्यावरील प्रचलित पहिला उपचार होय. त्याने साधारण दहापैकी सहा रुग्ण कायमचे बरे होतात. उरलेल्यांत आजार एक तर हटत नाही किंवा हटून पुन्हा येतो. प्रस्तुत उपचारपद्धती आणि तिच्या चाचण्या यांचा संबंध या उरलेल्या रुग्णांशी आहे.

आधीच्या चाचण्या

उलटलेल्या लिम्फोमावर काय करावे, याचे पहिले ठोस उत्तर 'पार्मा' नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीने १९९५ मध्ये दिले. दुसऱ्या फळीच्या रसायनोपचाराला प्रतिसाद देणाऱ्या १०९ रुग्णांची तीत चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यदृच्छेने दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला तोच रसायनोपचार पुढे देण्यात आला. दुसऱ्याला औषधांची फार मोठी मात्रा देऊन नंतर रुग्णाच्याच साठवलेल्या मूलपेशी परत करण्यात आल्या. पाच वर्षांनंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात ३२ टक्के, तर दुसऱ्यात ५३ टक्के होते. तेव्हापासून पुढे जवळपास पाव शतक स्व-मूलपेशी प्रत्यारोपण हाच प्रमाण उपचार राहिला.

त्याची मर्यादा उघड होती. ज्याचा आजार दुसऱ्या फळीच्या औषधांनाही दाद देत नाही, त्याला प्रत्यारोपणापर्यंत पोहोचताच येत नाही. अशा रुग्णांचे काय होते हे 'स्कॉलर-१' या अभ्यासाने २०१७ मध्ये दाखविले. ६३६ रुग्णांच्या जुन्या नोंदी एकत्र करून केलेल्या या अभ्यासात पुढील उपचाराला प्रतिसाद देणारे केवळ २६ टक्के आणि आजार पूर्ण नाहीसा झालेले अवघे ७ टक्के आढळले. निम्मे रुग्ण सव्वासहा महिन्यांच्या आसपास दगावले होते. नव्या उपचारांच्या चाचण्यांत या आकड्यांचा वारंवार आधार घेतला जातो, कारण तुलनेची पायरी म्हणून तेच हाताशी आहेत.

त्याच वर्षी 'झुमा-१' या अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष आले. अ‍ॅक्सीकॅबटॅजीन सिलोल्यूसेल या कार-टी उपचाराने ८२ टक्के रुग्णांत प्रतिसाद मिळाला आणि ५४ टक्क्यांत आजार पूर्ण दिसेनासा झाला. ऑक्टोबर २०१७ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. जाहीर किंमत ३,७३,००० डॉलर होती. भारतातील रुग्णाच्या दृष्टीने हा उपचार असून नसल्यासारखाच होता, आणि मुंबईतील प्रयत्नांची निकड येथून स्पष्ट होते.

उपचाराची रचना

शरीरात शिरलेल्या विषाणूंचा आणि बिघडलेल्या पेशींचा नाश करणे हे रक्तातील टी-पेशींचे काम. कर्करोगाच्या पेशी मूळच्या शरीराच्याच असल्यामुळे टी-पेशींना त्या पुष्कळदा ओळखू येत नाहीत. ही ओळख कृत्रिमरीत्या देणे हे कार-टी पद्धतीचे मर्म आहे. रुग्णाच्या टी-पेशींत एक नवे जनुक घातले जाते. त्यायोगे पेशीच्या पृष्ठभागावर एक ग्राही उगवतो आणि बी-पेशींवरील 'सीडी१९' या खुणेला तो नेमका चिकटतो. चिकटताच टी-पेशी त्या पेशीला मारते आणि स्वतः वाढू लागते.

'कार' हे 'कायमेरिक अँटिजेन रिसेप्टर' याचे आद्याक्षरी रूप आहे. कायमेरा हा ग्रीक पुराणातील सिंह, बोकड व सर्प यांचा मिळून झालेला प्राणी. मराठी वाचकाला नृसिंहाची आठवण व्हावी. या ग्राहीचेही तसेच आहे. त्याचे बाहेरचे टोक प्रतिपिंडाचे, तर आतली शेपटी टी-पेशीला कामाला लावणाऱ्या संदेशवाहक प्रथिनांची असते. अमेरिकेत प्रथम मान्य झालेल्या दोन्ही उपचारांत हे बाहेरचे टोक उंदराच्या प्रतिपिंडावरून घेतले होते. आयआयटी मुंबईच्या जीवविज्ञान व जैवअभियांत्रिकी विभागातील राहुल पुरवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मानवी प्रतिपिंडाच्या वळणाचे करून घेतले. मानवी शरीराने त्यास परके मानू नये आणि दुष्परिणामांची तीव्रता कमी राहावी, हा त्यामागचा विचार होता.

प्रत्यक्ष कृती अशी असते. रुग्णाचे रक्त एका यंत्रातून फिरवून त्यातील पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात. बाकीचे रक्त परत शरीरात जाते. प्रयोगशाळेत टी-पेशी निवडून त्यांत निरुपद्रवी केलेल्या लेंटिव्हायरस जातीच्या विषाणूमार्फत नवे जनुक पोहोचवितात. मग त्या पेशी वाढवितात, त्यांची शुद्धता तपासतात आणि गोठवून रुग्णालयात पाठवितात. दरम्यान रुग्णाला फ्लुडॅरॅबिन व सायक्लोफॉस्फमाइड ही औषधे देऊन शरीरातील जुन्या लसीकापेशी कमी केल्या जातात, म्हणजे नव्यांना वाव मिळतो. त्यानंतर पेशींची पिशवी शिरेवाटे चढविली जाते. बघणाऱ्याला हे साधे रक्त चढविण्यासारखेच वाटते. खरा कसोटीचा काळ त्यानंतर सुरू होतो. ही सर्व तयारी होण्यास काही आठवडे लागतात, आणि वेगाने वाढणाऱ्या लिम्फोमात काही आठवडे ही फार मोठी मुदत असते.

मुंबईतील चाचणी

टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे सुरू झाले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले होते. रुग्णालयाच्या उभारणीमागे ही पार्श्वभूमी आहे. याच संस्थेच्या खारघर, नवी मुंबई येथील संशोधन केंद्रात (अ‍ॅक्ट्रेक) ४ जून २०२१ रोजी अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात भारतातील पहिला कार-टी उपचार देण्यात आला. पेशी पवई येथे आयआयटीत तयार झाल्या होत्या. मानवावरील या पहिल्या चाचणीसाठी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय बायोफार्मा अभियानातून जैवतंत्रज्ञान उद्योग संशोधन साहाय्य परिषदेने (बायरॅक) १९.१५ कोटी रुपये मंजूर केले होते. टाटा स्मारक केंद्राच्या बाजूने हसमुख जैन, गौरव नरुला, नवीन खत्री आदी डॉक्टरांचा या कार्यात प्रमुख सहभाग होता.

मान्यतेसाठी झालेल्या चाचणीचे दोन टप्पे होते. पहिल्यात १४ रुग्ण होते. पेशींची किती मात्रा सुरक्षितपणे देता येते, हा त्या टप्प्याचा प्रश्न होता. दुसऱ्या टप्प्यात ५० रुग्ण घेण्यात आले आणि उपचार लागू पडतो का, हे पाहण्यात आले. सहभागाची किमान वयोमर्यादा १५ वर्षे होती. एकूण ६४ रुग्णांपैकी ५१ जणांत परिणामकारकतेचे मोजमाप करता आले. त्यांपैकी ३७ जणांत, म्हणजे ७३ टक्क्यांत, प्रतिसाद दिसला.

आकड्यांचा अर्थ

वृत्तपत्रांतून हा ७३ टक्क्यांचा आकडा पुष्कळदा 'बरे झालेले रुग्ण' अशा अर्थाने छापला गेला. ते बरोबर नाही. प्रतिसाद या संज्ञेत आजार पूर्ण दिसेनासा होणे आणि गाठी लक्षणीय प्रमाणात लहान होणे, अशा दोन्ही गोष्टी येतात. ज्यांच्या गाठी केवळ लहान झाल्या त्यांच्यात आजार पुन्हा वाढण्याची शक्यता मोठी असते. ज्यांच्यात तो पूर्ण नाहीसा झाला त्यांच्यातही काहींना तो पुन्हा गाठतो. कर्करोगाच्या पेशी कधी कधी सीडी१९ ही खूणच टाकून देतात आणि मग टी-पेशींना पकडण्याजोगे काही उरत नाही.

दुसरी बाब छेदस्थानाची. ६४ पैकी ५१ असे म्हणताना उरलेले १३ विसरता येत नाहीत. या पद्धतीच्या सर्वच चाचण्यांत काही रुग्णांची प्रकृती पेशी तयार होईपर्यंत ढासळते, काहींच्या पेशी पुरेशा वाढत नाहीत, तर काहींची ठरलेल्या वेळची तपासणी होऊ शकत नाही. नाव नोंदविण्याच्या दिवशी रुग्णाच्या मनात असलेला प्रश्न 'पेशी मिळाल्या तर काय' एवढाच नसतो. 'पेशी मिळतील का' हाही असतो.

तिसरी बाब अशी की या चाचणीत तुलनेचा गट नव्हता. सर्वांना एकच उपचार देण्यात आला. स्कॉलर-१ मधील २६ टक्के समोर ठेवले असता ७३ हा आकडा निश्चितच मोठा आहे आणि नियामक संस्थांनी अशाच पुराव्यावर जगभर मान्यता दिल्या आहेत. तरीही जुन्या नोंदींतील रुग्ण आणि चाचणीसाठी निवडलेले रुग्ण सारखे असतात असे नाही. समोरासमोर तुलना करणाऱ्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्या का लागतात, हे परदेशातील अनुभवावरून कळते. 'झुमा-७' या ३५९ रुग्णांच्या चाचणीत पहिल्या उलटीनंतर लगेच कार-टी देणे आणि प्रत्यारोपणाच्या जुन्या वाटेने जाणे यांची तुलना झाली. आजार न वाढता गेलेला मध्यम काळ पहिल्या गटात ८.३ महिने, तर दुसऱ्यात २ महिने भरला. जवळजवळ त्याच सुमारास झालेल्या 'बेलिंडा' चाचणीत मात्र टिसाजेनलेक्ल्यूसेल या दुसऱ्या कार-टी उपचाराचा जुन्या वाटेपेक्षा काहीच लाभ दिसला नाही. एका कुळातील औषधांचे फळ सारखेच असेल, हे गृहीतक त्यामुळे टिकले नाही.

दुष्परिणाम

निष्कर्षांत दुष्परिणामांची नोंद ५७ रुग्णांवरून दिली आहे. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल ९६ टक्के रुग्णांत तीव्र प्रमाणात घटल्या. बिंबिका ६५ टक्क्यांत आणि रक्तद्रव्य ६१ टक्क्यांत तितक्याच तीव्रतेने खाली आले. अशा काळात साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. उपचाराशी संबंधित दोन मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी एकात प्रतिकारसंस्थेचा अनावर भडका व जंतुदोष, तर दुसऱ्यात फुप्फुसातील रक्तस्राव व अनेक अवयव निकामी होणे ही कारणे होती.

या पद्धतीचे दोन दुष्परिणाम खास तिचे आहेत. पहिला म्हणजे सायटोकाइन मुक्ती लक्षणसमूह. टी-पेशी कामाला लागल्या की रक्तात सायटोकाइन या संदेशद्रव्यांचा पूर येतो. त्याने ताप भरतो, रक्तदाब उतरतो आणि श्वास अपुरा पडतो. टोसिलिझुमॅब हे मूळचे संधिवातावरील औषध त्यावर उतारा म्हणून वापरतात. गंमत अशी की सौम्य ताप हा पेशी जिवंत असल्याचा इशाराही मानला जातो.

दुसरा दुष्परिणाम मेंदूवरचा. त्याची चाहूल लवकर लागावी म्हणून रुग्णाची रोज दहा गुणांची एक छोटी परीक्षा घेण्याची जगभर पद्धत आहे. वर्ष, महिना, शहर व रुग्णालय सांगणे याला चार गुण, समोरच्या तीन वस्तूंची नावे ओळखण्यास तीन, सांगितलेली कृती करण्यास एक, शंभरपासून दहा-दहाने उलटे मोजण्यास एक आणि एक वाक्य लिहून दाखविण्यास एक गुण. कालपर्यंत सरळ असलेले अक्षर आज थरथरीत आणि ओळ सोडून गेलेले दिसले, तर झटके येण्यापूर्वीच डॉक्टर सावध होतात. ही परीक्षा रुग्णाच्या भाषेतच घ्यावी लागते. मराठीत लिहिणाऱ्याला इंग्रजी वाक्य लिहावयास सांगून मेंदूची परीक्षा होत नाही. निरक्षर रुग्णाच्या बाबतीत ही पायरी गाळूनच अनुमान करावे लागते.

सीडी१९ ही खूण निरोगी बी-पेशींवरही असल्याने त्याही नष्ट होतात. त्यामुळे पुढे महिनोन्महिने प्रतिपिंडे कमी राहतात आणि काहींना ती बाहेरून द्यावी लागतात. कार-टी घेतलेल्या थोड्या रुग्णांत पुढे टी-पेशींचाच कर्करोग आढळल्यावरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२४ मध्ये या वर्गातील औषधांवर इशारा छापणे बंधनकारक केले. हा धोका अत्यल्प असला तरी दीर्घकाळ नजर ठेवण्याचे ते कारण आहे.

चाचणीतील रुग्णाचे हक्क

'आपल्यावर प्रयोग करतात' ही धास्ती ग्रामीण भागातच आहे असे नाही, आणि ती सर्वस्वी निराधार होती असेही नाही. भारतातील नियम कडक झाले ते पूर्वीच्या गैरप्रकारांवरील टीकेनंतरच. सध्या 'नवी औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियम, २०१९' लागू आहेत. त्यांनुसार प्रत्येक चाचणीला नीतिविषयक समितीची संमती लागते. या समितीत किमान सात सदस्य असतात. डॉक्टरांबरोबर कायद्याचा जाणकार व सामान्य नागरिकही तीत असावा लागतो, आणि निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे असतात. रुग्णाला समजेल अशा भाषेत लेखी माहिती देऊन संमती घ्यावी लागते. ती कोणत्याही वेळी, कारण न सांगता, मागे घेता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबविता येत नाहीत. चाचणीमुळे इजा झाल्यास वैद्यकीय उपचार विनामूल्य देणे आणि चाचणीमुळे मृत्यू ओढवल्यास वारसांना भरपाई देणे पुरस्कर्त्यावर बंधनकारक आहे. उलटलेल्या लिम्फोमाच्या तुलनात्मक चाचण्यांत दुसऱ्या गटाला खोटी गोळी देऊन वाऱ्यावर सोडले जात नाही. त्या गटाला त्या वेळचा प्रमाण उपचार मिळतो.

भारतीय चिकित्सालयीन चाचणी नोंदवही (सीटीआरआय) २००७ पासून अस्तित्वात असून जून २००९ पासून तीत नोंद करणे सक्तीचे आहे. कोणत्या आजाराची चाचणी कोणत्या रुग्णालयात, कितव्या टप्प्यात चालू आहे आणि कोणाला त्यात घेतले जाते, हे कोणालाही तेथे पाहता येते. नोंदी मात्र इंग्रजीत असतात.

किंमत आणि अंतर

नेक्सकार१९ ची किंमत बाजारात आली तेव्हा सुमारे ३० ते ४० लाख रुपयांच्या घरात होती. म्हणजे ती अमेरिकी किमतीच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी भरते. विषाणूवाहक हा या उपचारातील अत्यंत महाग घटक देशातच तयार करणे आणि रुग्णाच्या पेशी समुद्रापार न पाठविणे ही त्यामागची मुख्य कारणे आहेत. राष्ट्रपतींनी लोकार्पणाच्या भाषणात या उपचाराचा उल्लेख जगातील सर्वांत परवडणारी कार-टी पद्धती असा केला. तुलनेने ते खरे आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा वाढवून प्रति कुटुंब वर्षाला ५ लाख रुपये करण्यात आली; उपचाराची नुसती किंमत तिच्या सहा ते आठ पट होते. रुग्णालयातील वास्तव्य व तपासण्या यांचा खर्च वेगळाच. चाचणीत तपासाधीन औषध साधारणतः विनामूल्य मिळते, त्यामुळे मान्यता मिळून चाचणी संपली की काही रुग्णांसाठी उपचार जवळ येण्याऐवजी लांब जातो. या विसंगतीची चर्चा व्हावी तितकी झालेली नाही.

अंतराचा प्रश्नही किमतीइतकाच खरा आहे. अकोला ते मुंबई हा लोहमार्ग सुमारे ५८० किलोमीटरचा आहे. अमरावतीहून तो आणखी लांब पडतो. पेशी चढविल्यानंतर काही आठवडे रुग्णालयापासून हाकेच्या अंतरावर राहणे आवश्यक असते आणि सोबत सतत एक जाणता माणूस लागतो. खरिपाच्या तोंडावर शेतकरी कुटुंबातील दोन माणसे महिनाभर मुंबईत राहणे याचा हिशेब कोणत्याही चाचणीच्या अहवालात येत नाही. परळच्या रुग्णालयात येणाऱ्या कित्येकांना दादर येथील संत गाडगे महाराज धर्मशाळेचा आसरा असतो. गाडगेबाबा मूळचे अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे. त्यांच्या नावाची ही वास्तू वऱ्हाडातून आलेल्या रुग्णांना ओळखीची वाटते. खारघरचे केंद्र मात्र तेथून बरेच दूर आहे. विदर्भात नागपूर येथे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. निदान, रसायनोपचार आणि उपचारानंतरची देखरेख जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या ठिकाणी होऊ शकते; पेशी काढणे व चढविणे यांसाठी मात्र प्रत्यारोपणाची सोय असलेले केंद्रच लागते.

अन्य उपचार

बंगळूरु येथील इम्युनील थेरप्युटिक्स या कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये कारटेमी (व्हार्निमकॅबटॅजीन ऑटोल्यूसेल) हा दुसरा भारतीय कार-टी उपचार उपलब्ध केला. त्याचे मूळ तंत्र बार्सिलोनातील हॉस्पिटल क्लिनिक या संस्थेचे आहे. किरण मझुमदार-शॉ आणि कर्करोगतज्ज्ञ लेखक सिद्धार्थ मुखर्जी हे या कंपनीच्या संस्थापकांपैकी होत.

पेशी तयार होण्याची वाट पाहावी न लागणारा पर्याय म्हणजे द्विलक्ष्यी प्रतिपिंडे. त्यांचे एक टोक लिम्फोमाच्या पेशीला आणि दुसरे टी-पेशीला धरते, व दोघांना समोरासमोर आणते. एपकोरिटामॅब आणि ग्लोफिटामॅब ही अशी दोन औषधे २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. ती कुपीतून थेट देता येतात, म्हणून पेशी-प्रयोगशाळा नसलेल्या रुग्णालयांतही वापरता येण्याजोगी आहेत. सायटोकाइन मुक्तीचा धोका त्यांतही आहे, आणि त्यामुळे पहिल्या मात्रा थोड्याथोड्याने वाढवीत देतात. हॉजकिन लिम्फोमात सीडी१९ ही खूण सहसा उपयोगी पडत नाही. तो उलटल्यास ब्रेन्टुक्सिमॅब व्हेडोटिन आणि निव्होलुमॅब ही निराळ्या प्रकारची प्रतिपिंडे वापरली जातात.